पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड’ तबकडीवर: सोलापूरच्या घरात कशी वाजते आणि काय सांभाळावं लागतं

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची 180 ग्रॅम वजनाची एलपी घ्यावी का, याचं उत्तर घरातल्या यंत्रावर अवलंबून आहे. सुईचा भार जुळवता येणारं टर्नटेबल, दोन सुटे स्पीकर आणि अर्थिंग असलेला प्लग एवढं असेल तर बिनधास्त घ्या. रॉक संगीतातली इतक्या काळजीने बांधलेली तबकडी क्वचितच मिळेल. पण सूटकेसच्या आकाराचा, पोटातच स्पीकर असलेला प्लेअर असेल तर आधी यंत्र बदला. त्यातली जड सुई तबकडीवरची आवाज कोरलेली खाच झिजवते, आणि या तबकडीची सुरुवात ज्या हळू, खोल ठोक्यांनी होते ते ठोके त्या चिमुकल्या स्पीकरमधून ऐकूच येत नाहीत.

बाजारात हिच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत. इथे लिहिलंय ते 2016 मध्ये बँडच्या स्वतःच्या ‘पिंक फ्लॉइड रेकॉर्ड्स’ या लेबलवर आलेल्या प्रतीबद्दल. जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन या तिघांनी मूळ ॲनालॉग टेपवरून तिचं मास्टरिंग, म्हणजे छपाईआधीची आवाजाची शेवटची जुळणी, केलं. आवाज मोकळा आहे, उगाच फुगवलेला नाही. हळू जागा हळूच राहतात, त्यामुळे मोठा आवाज आला की खरोखर दणका बसतो. 2023 मध्ये पन्नाशीनिमित्त मोठा बॉक्स सेट आला. त्यातलं ॲटमॉस मिश्रण (चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेलं) सुरेख आहे, पण घरात तितके स्पीकर नसतील तर त्या पेटीचे पैसे वाया जातील. जुन्या बाजारात दमदमच्या कारखान्यात छापलेल्या भारतीय प्रतीही सापडतात. त्या घेताना तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टे दिसले तर बोथट सुईने खाच खाऊन टाकली आहे असं समजा. कितीही धुतलं तरी ती खरखर जाणार नाही.

ही तबकडी इतकी घट्ट विणलेली का आहे, ते कळायला बँड कसा घडला ते माहीत हवं. निक मेसन, रॉजर वॉटर्स आणि रिचर्ड राइट हे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चर शिकणारे विद्यार्थी. केंब्रिजहून आलेला सिड बॅरेट त्यांना मिळाला आणि 1965 मध्ये त्यानेच नाव ठेवलं, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या नावांतून. डिसेंबर 1966 मध्ये लंडनला यूएफओ क्लब सुरू झाला. तिथे पडद्यावर रंगांचे झोत सोडून तासन्‌तास वाजवणारा हा बँड बघता बघता चर्चेत आला. 1967 च्या सुरुवातीला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला, ॲबी रोड स्टुडिओत पहिली एलपी झाली आणि त्याच वर्षी ‘सी एमिली प्ले’ हे गाणं गाजलं. जवळपास सगळी गाणी बॅरेटची होती, आवाजही त्याचाच होता.

आणि तोच ढासळला. एलएसडीची नशा आणि बिघडत गेलेली मनःस्थिती यांमुळे मंचावर त्याच्याकडून वाजेनासं झालं. गिटारवादक डेव्हिड गिल्मोरला आधी जोडीला घेतलं, काही आठवडे बँड पाच जणांचा होता, आणि एप्रिल 1968 मध्ये बॅरेट बाहेर पडल्याचं जाहीर झालं. इथे हा बँड संपायला हवा होता. गाणी लिहिणाराच गेल्यावर उरलेल्या चौघांकडे एकच वाट होती: एकत्र बसून आवाजाची बांधकामं करायची. पुढची चार वर्षं त्यांनी तेच केलं. काही प्रयोग फसले. 1969 च्या ‘उमागुमा’मधले स्टुडिओतले तुकडे आज ऐकायला जड जातात. 1970 ची ‘ॲटम हार्ट मदर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. 1971 च्या ‘मेडल’ची अख्खी दुसरी बाजू व्यापणारं 23 मिनिटांचं ‘एकोज’ जमलं, तेव्हा लांब रचना तोलून धरायची कशी हे त्यांना उमगलं होतं.

‘डार्क साइड’ची रचना स्टुडिओत जायच्या आधी मंचावर तयार झाली. 20 जानेवारी 1972 ला ब्रायटनच्या डोममध्ये ती पहिल्यांदा वाजवायला घेतली, तेव्हा तांत्रिक बिघाडामुळे ‘मनी’ या गाण्यापाशी थांबावं लागलं. पुढे वर्षभर दौऱ्यांत ती घासूनपुसून घेतली, आणि मे 1972 च्या अखेरीपासून ॲबी रोडवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. मार्च 1973 मध्ये तबकडी बाजारात आली. नाटक मंडळी तालमी आणि प्रयोगांतून संहिता घट्ट करतात, तसाच हा मामला आहे. गाण्यागाण्यांमधले सांधे इतके सफाईदार का आहेत, याचं कारण हेच.

आता तबकडी. पहिली बाजू साधारण 19 मिनिटांची आहे, दुसरी साडेतेवीस मिनिटांच्या आसपास. सुरुवातीचे हृदयाचे ठोके म्हणजे मेसनच्या बास ड्रमचा आवाज. ते शांततेतून हळूहळू वर येतात, म्हणून तबकडीचा आणि यंत्राचा प्रत्येक दोष इथेच उघडा पडतो. ठोक्यांखाली सतत ‘भुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर ती 50 हर्ट्झची घरघर आहे, म्हणजे अर्थिंग नाही. टर्नटेबलच्या मागची बारीक अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ स्क्रूला घट्ट जोडा. जुन्या वाड्यांतल्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगच नसतं, तिथे वायरमनकडून तीन पिनांचा, खरोखर अर्थ केलेला प्लग करून घ्यावा लागतो. घरघर नसून आवाज वाढवला की घुमायला लागत असेल, तर स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर आहेत. दोन्ही वेगळे करा. टर्नटेबलखाली शहाबादी फरशीचा दीड-दोन इंच जाडीचा तुकडा आणि त्याखाली चार रबरी बुचं एवढं केलं तरी बराच फरक पडतो. सोलापुरात फरशीच्या वखारीत असा तुकडा कापून मिळतो.

‘ऑन द रन’मध्ये गाणं असं नाहीच. सिंथी एकेएस या छोट्या सिंथेसायझरवर आठ सुरांची एक साखळी बसवून ती प्रचंड वेगाने फिरवली आहे. आवाज या स्पीकरमधून त्या स्पीकरकडे धावत जातो. तो मधे कुठेतरी हरवत असेल किंवा बास पातळ लागत असेल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली आहे. ही चूक नव्या जोडणीत फार होते आणि कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

मग ‘टाइम’. सुरुवातीला एकदम वाजणारी घड्याळं ॲलन पार्सन्स या ध्वनिअभियंत्याने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती. सगळी एका ठोक्यावर वाजतील अशी नंतर टेपवर जुळवली. त्यामागून येणारी टिकटिक घड्याळाची नाही. वॉटर्सने बास गिटारच्या दाबून धरलेल्या तारांवर ती काढली आहे. मग मेसनचे रोटोटॉम, म्हणजे फिरवून सूर बदलता येणारे छोटे ड्रम. घड्याळांच्या गजरात सुई चिरकली किंवा उडी मारली तर भार कमी पडतोय. लोकांना वाटतं भार कमी ठेवला तर तबकडी जपली जाते, पण नेमकं उलटं होतं. हलकी सुई खाचेच्या दोन्ही भिंतींवर आपटत जाते आणि कायमची इजा करते. कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) बनवणाऱ्याने जो आकडा दिला असेल तोच ठेवा: ऑडिओ-टेक्निका व्हीएम95ईला 2.0 ग्रॅम, ऑर्टोफॉन टूएम रेडला 1.8 ग्रॅम. टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबू नका, छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. अँटीस्केट, म्हणजे दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला उलटा जोर, सुरुवातीला भाराइतकाच ठेवा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी60एक्स या टर्नटेबलमध्ये भार बदलता येत नाही. ते यंत्र वाईट नाही, पण या तबकडीचा शेवटचा दहा टक्के तपशील त्यातून निसटतो.

पहिल्या बाजूचा शेवट ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने होतो आणि कसोटी लागते ती इथेच. क्लेअर टोरी या गायिकेने जानेवारी 1973 मध्ये राइटच्या पियानोवर शब्दांशिवाय केलेला हा आलाप आहे. त्या दिवशी तिला 30 पौंड मिळाले. पुढे तिने दावा लावला, 2005 मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनेच्या श्रेयात राइटबरोबर तिचं नाव येतं. 2016 च्या प्रतीवर ते आहे. जुन्या प्रतींवर राइटचं एकट्याचं नाव दिसेल.

आलाप तारसप्तकात जातो तेव्हा सुई तबकडीच्या आतल्या भागात आलेली असते. 33⅓ फेऱ्यांच्या गतीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलजवळ जेमतेम 21. तितकाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोरलेला असतो. कार्ट्रिज अर्धा मिलिमीटर जरी मागेपुढे बसलं असलं तरी टोरीचा आवाज इथे फाटल्यासारखा लागतो. दोष प्रतीचा आहे की जुळणीचा, हे ठरवायची रीत सोपी. कागदी प्रोट्रॅक्टर (जुळणीच्या खुणा छापलेला कागद) घ्या, त्यावरच्या दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजची बाजू रेघांना समांतर येते का पाहा, दोन्ही स्क्रू सैल करून सरकवा, पुन्हा ऐका. तरीही फाटत असेल तर सुई झिजली आहे. लंबगोल टोकाची सुई 300 ते 500 तासांत बदलावी. नवी सुई, अचूक जुळणी आणि तरी फाटतोय, तेव्हाच प्रत परत करा.

याच गाण्यातल्या पियानोचे लांब सूर डुलत असतील तर दोन शक्यता आहेत. टोनआर्म प्रत्येक फेरीत डावी-उजवीकडे झुलताना दिसला तर मधलं भोक केंद्रात नाही, म्हणजे छपाईचा दोष आहे. आर्म स्थिर असूनही सूर डुलत असेल तर तबकडी फिरवणारा बेल्ट. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबरी बेल्ट सैल पडतो, मग घसरतो आणि गती कमी होते. तपासायला कुठलंही यंत्र नको: तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवा आणि मोबाइलवर 3 मिनिटं लावा. बरोबर 100 फेऱ्या झाल्या पाहिजेत. 99 भरल्या तर स्वर कानाला किंचित उतरलेला लागेल, 98 भरल्या तर बेल्ट बदला.

दुसरी बाजू ‘मनी’ने उघडते. नाण्यांची खळखळ, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याची घंटा असे सात आवाज टेपवर वेगवेगळे घेतले, प्रत्येक तुकडा पट्टीने मोजून समान लांबीचा कापला, चिकटवून टेपची गोल माळ केली आणि ती फिरवत ठेवली. म्हणून ठेका सात मात्रांचा आहे. रूपक ताल मोजणाऱ्याला बोट धरायला वेळ लागणार नाही, फक्त सम-खालीचा वजनाचा हिशेब वेगळा आहे. सॅक्सोफोनपर्यंत सातच चालतात (तो डिक पॅरीचा), पण गिटारचा एकल भाग सुरू होताच ठेका चारावर येतो. गिल्मोरला मोकळं वाजवता यावं म्हणून केलेला हा बदल बारकाईने ऐका. ताल बदलल्याचा धक्का बसत नाही, उलट गाणं मोकळं सुटल्यासारखं वाटतं. जमेल तिथे मात्रा मोजत ऐकाच.

‘अस अँड देम’ची चाल राइटने 1969 मध्ये एका चित्रपटासाठी केली होती, दिग्दर्शक अँतोनिओनींनी ती नाकारली. इथे शब्दांमागून येणारे प्रतिध्वनी एकेक करत दूर जातात. खोली टणक भिंतींची असेल तर ते गढूळ होतात. स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली तरी पुरे. ‘ब्रेन डॅमेज’ आणि ‘एक्लिप्स’ ही जोडी शेवटी येते. सगळ्यात भरघोस आवाज इथेच आहे आणि बाजू लांब असल्याने तो अगदी लेबलजवळ कोरावा लागला आहे. या प्रतीतलं एकमेव खरं उणेपण तेच. अचूक जुळवलेल्या यंत्रावरही ‘एक्लिप्स’ किंचित आवळलेलं वाटतं. सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर तसं होत नाही. मधेमधे येणारी बोलणी वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना विचारून टिपली होती; शेवटचा आवाज ॲबी रोडचे दारवान जेरी ओड्रिस्कॉल यांचा. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी यांचीही उत्तरं घेतली होती, ती वापरली नाहीत.

सोलापुरात तबकडीचा खरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर जातो, जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या वरच्या मजल्यावरच्या स्लॅबच्या खोल्या रात्रीही तापलेल्या असतात. विनाइल, म्हणजे तबकडीचं प्लॅस्टिक, साधारण 60 अंशांच्या पुढे लवचीक होतं. खोलीत इतकं होत नाही, पण उन्हात उभ्या गाडीत, कुरिअरच्या ट्रकच्या टपाखाली आणि पत्र्याच्या गोदामात सहज होतं. म्हणून मार्च ते जूनमध्ये ऑर्डर करू नका. दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंतचा काळ सगळ्यात सुरक्षित. पार्सल आलं की लगेच उघडा, तबकडी टर्नटेबलवर फिरवून कडेकडून पाहा. कडा एखादा मिलिमीटर वर-खाली होत असेल तर वाजेल. सुई उचलली जात असेल तर परत करा. काचेत दाबून उन्हात ठेवून सरळ करण्याचे उपाय करू नका, त्यात खाच चपटी होते. पश्चिमेच्या भिंतीला लागून कपाट नको. तबकड्या उभ्याच ठेवा, एकावर एक आडव्या रचू नका. धाब्याच्या घरात किंवा जाड दगडी भिंतींच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना ही चिंता फारशी नाही.

धूळ वेगळी गोष्ट. हवा बहुतेक वर्षभर कोरडी, त्यामुळे पाकिटातून काढतानाच तबकडीवर स्थिर वीज जमते आणि धूळ ओढून घेते. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडला यंत्रमागांजवळ राहत असाल तर सुताचे बारीक तंतूही असतात. ते सुईच्या टोकाला गोळा होतात आणि आवाज दबतो. प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश दोन फेऱ्या धरावा. सुई मऊ ब्रशने पुसताना हात मागून पुढे आणायचा, उलटा कधीच नाही. टेरी टॉवेलने तबकडी पुसू नका, कितीही मऊ असला तरी तंतू सोडतो. मायक्रोफायबरचा तुकडा वापरा.

नवी तबकडीही एकदा धुवून घेतलेली बरी. नळाचं पाणी नको, वाळलं की क्षाराचा पांढरट थर खाचेत राहतो. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा. 800 मिलिलिटर पाण्यात 200 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवून खाचेच्या दिशेने गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा, आणि पंख्याखाली नव्हे तर बंद खोलीत उभी करून वाळवा. एक गोष्ट विसरू नका: घरात आजोबांच्या वेळच्या नाट्यगीतांच्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या असतील तर हे मिश्रण त्यांना लावू नका. अल्कोहोलने लाख विरघळते. त्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवायच्याही नाहीत, त्यांची खाच कितीतरी रुंद असते.

फोनो प्रीॲम्पचा, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाचा, घोळही बऱ्याच घरांत होतो. टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प चालू असताना वायर ॲम्प्लिफायरच्या ‘फोनो’ सॉकेटला लावली तर आवाज भसाडा आणि फाटका येतो. दोन्हीकडे बंद असेल तर क्षीण आणि पत्र्यासारखा. एकाच ठिकाणी चालू ठेवा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकू नका. स्वस्त इन्व्हर्टरचा प्रवाह चौकोनी लाटांचा असतो, ॲम्पमध्ये घरघर येते आणि एसी मोटरच्या टर्नटेबललाही ते मानवत नाही.

या तबकडीने बँडला जे दिलं त्याला तोड नाही. अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर एकच आठवडा होती, पण 1973 ते 1988 दरम्यान बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत तिचे एकूण 741 आठवडे भरले. जगभरात साडेचार कोटींच्या आसपास प्रती खपल्या. हिप्नोसिस या डिझाइन संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गर्सनच्या कल्पनेतून आलेलं आणि जॉर्ज हार्डीने रेखाटलेलं त्रिकोणी लोलकाचं मुखपृष्ठ गाणी न ऐकलेल्यांच्याही टी-शर्टवर असतं. ते 12 इंचांत हातात घेतलं की आतल्या बाजूला हृदयाच्या ठोक्याची रेघ रंगांच्या पट्ट्यातून जाताना दिसते. मोबाइलवरच्या चौकोनात ती जागाच नाही. 1975 मध्ये ‘विश यू वेअर हिअर’ आली, बरीचशी बॅरेटच्या आठवणीतून. 1979 मध्ये ‘द वॉल’. पण तोवर चौघांचं एकत्र बांधकाम संपलं होतं. ‘द वॉल’च्या वेळीच राइटला काढलं, 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला, नावावरून वाद झाला. 2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं शेवटचे एकत्र वाजले. पुढच्याच वर्षी बॅरेट गेला, 2008 मध्ये राइट. वॉटर्सने 2007 मध्ये मुंबईत कार्यक्रम केला, त्या दौऱ्यात ही अख्खी तबकडी वाजवली जात होती.

किंमत तीन हजारांच्या खाली सहसा उतरत नाही. खूप स्वस्त दिसली तर डिजिटल फाइलवरून छापलेली अनधिकृत प्रत असण्याची शक्यता मोठी. पाठीवर लेबलचं नाव आणि खाचेच्या शेवटच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक आहे का पाहा. एवढं करून ही तबकडी मनात बसली तर पुढची खरेदी ‘द वॉल’ची नको, ती दोन तबकड्यांची, महाग आणि बहुतांशी एकट्या वॉटर्सची आहे. आधी ‘मेडल’ घ्या आणि तिची दुसरी बाजू लावा.